चार मीटर दोराबद्दल: प्रस्तरारोहण संस्थांना खुलं पत्र

प्रति,
सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्या संस्थांचे अध्यक्ष, कार्यवाह, मोहीमप्रमुख, प्रशिक्षक, आणि सामानाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या खिशात असते ते सगळे

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमध्ये ठरलं की आपल्या मित्राच्या नावाची पाटी लावायची. काळ्या ग्रॅनाइटची, दीड फूट बाय एक फूट, सुळक्याखालच्या खिंडीत, कातळात चार बोल्ट मारून. वर्गणी जमली. मीही दिली. मग पाटीवरचा मजकूर आला: ‘सह्याद्रीच्या कुशीत कायमचा विसावलेला आमचा वाघ’. तो वाचला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो कुणाच्या कुशीत विसावलेला नाही. तो दोराच्या टोकावरून खाली गेला. कसा गेला ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी दोर मी लावला होता.

त्याचं नाव या पत्रात नाही, त्याच्या आईने तसं सांगितलंय. सुळक्याचं आणि संस्थेचं नावही मी लिहीत नाही. ते लिहिलं की बाकीचे वाचणारे सुटतात. ‘त्यांच्याकडे असंच चालतं’ म्हणतात आणि आपापल्या मोहिमेच्या तयारीला लागतात. मला तुमच्यापैकी कुणीही सुटायला नको आहे.

आधी तो कोण होता ते सांगते. पाटीवरच्या वाघापेक्षा तो फार वेगळा माणूस होता.

तो अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. राहायला डोंबिवलीत. आमची ओळख मुंब्र्याच्या कड्यावर झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरपट्टा, घातला होता आणि दहा फुटांवर जाऊन गोठले होते. खालून बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, एक काटकुळा मुलगा म्हणाला, “ताई, हाताने शोधू नका. पायाने शोधा.” मी पाय हलवला, बोटभर खाच मिळाली, वर गेले. ‘ताई’ पुढच्या दोन रविवारांत गळून पडली, पण ते वाक्य राहिलं. आजही कुणाला शिकवताना माझ्या तोंडून तेच येतं.

कातळाशी त्याचं नातं हाताचं होतं. तो आधी बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा आणि मग वजन टाकायचा. “हा पोकळ बोलतोय, सोड.” आपला सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्याने ते थर हाताखालून ओळखायला शिकून घेतले होते. अमुक उंचीवर दोन लाव्ह्यांच्या मधला तांबडा, मातकट पट्टा लागेल, तिथे कशावरही विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या वरचा काळा कातळ पुन्हा घट्ट असेल, हे तो पायथ्याशी उभं राहून सांगायचा आणि वर गेल्यावर ते तसंच निघायचं. तैलबैल्याच्या भिंतीसमोर आम्ही एकदा अख्खी दुपार नुसते बसून काढली. चढायचं नव्हतं. त्याला ऊन सरकताना भिंतीवरच्या भेगा कशा उघडत जातात ते पाहायचं होतं, आणि ते तो एखादी मॅच बघावी तसा रंगून पाहत होता.

त्याच्या सॅकमध्ये व्हर्नियर कॅलिपर, जाडी अचूक मोजायचं हत्यार, असायचा. कारखान्यातला जुना, त्याने विकत घेतलेला. सुळक्यावर दोर अडकवायचा जुना बोल्ट दिसला की तो थांबून मोजायचा. आधीच्या पिढ्यांनी हातोडी आणि हँड ड्रिलने, एका जागी पायाच्या अंगठ्यावर उभं राहून, तासतासभर ठोकून ते बोल्ट बसवलेत. त्या माणसांबद्दल त्याला अपार आदर होता. पण साधं लोखंड चार महिने पावसात भिजतं, आठ महिने उन्हात तापतं, आणि कातळाच्या आत जिथे दिसत नाही तिथेच आधी खातं. “वरून ठणठणीत, आत भुसा,” म्हणायचा. जुने बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवायचं काम काही मंडळींनी हाती घेतलं तेव्हा तो त्यांच्यामागे शेपटासारखा फिरला. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा, विश्वचषक झाला तेव्हा रजा टाकून तिथे. जगातली उत्तम मुलं-मुली त्या कृत्रिम भिंतीवर कशी हलतात ते पाहून आला आणि आठवडाभर दुसरं काही बोलला नाही. इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २०२३ च्या जुलैत, तेव्हा पहाटेच निघाला. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर पोचत नव्हती, जे काही न्यायचं ते माणसांनी पाठीवरून. इर्शाळच्या सुळक्यावर आम्ही ज्या वाडीतून जायचो, जिथे चहा प्यायचो, तीच ती वाडी. तिथून आल्यावर त्याने बरेच दिवस सुळक्यांचं नाव काढलं नाही.

आणि त्याच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, शाळेची असते तशी, निळ्या पुठ्ठ्याची. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, जागा, सोबत कोण, दोर कुठला, बोल्टांची अवस्था. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद. त्याचं नाव, ‘आज काय चुकलं’.

मी त्या वहीतल्या काही नोंदी इथे उतरवून देते.

वानरलिंगी: ‘हार्नेसच्या बकलमधून पट्टा परत ओवला नव्हता. दुसऱ्याने पाहिलं म्हणून कळलं. मी घाईत नव्हतो, गप्पा मारत होतो.’

लिंगाणा: ‘रायलिंगावरून निघायला उशीर. गुहेपर्यंत पोचेतो ऊन डोक्यावर. माणशी दीड लिटर पाणी पुरलं नाही. परत फिरायला हवं होतं, फिरलो नाही. काही झालं नाही म्हणून बरोबर होतं असं नाही.’

ड्यूक्स नोज: ‘वर आग्या मोहोळ आहे हे गावातल्या मामांनी सांगितलं होतं. आमच्यातल्या एकाने अत्तर लावलं होतं. मी विचारलं नव्हतं.’

अशी अकरा वर्षं. एकशे चाळीसच्या वर नोंदी. तो रकाना त्याने एकदाही रिकामा सोडलेला नाही. ज्या दिवशी सगळं सुरळीत झालं त्या दिवशीही तो काहीतरी शोधून लिहायचा, आणि आम्ही त्याला हसायचो.

आता त्या दिवसाबद्दल.

डिसेंबरचा रविवार होता. आम्ही चौघं: तो, मी आणि दोन नवी मुलं. चढाई छान झाली. माथ्यावर नारळ फोडला, खोबरं वाटलं, फोटो काढले, सगळं नेहमीचं. उतरताना तीन रॅपल, म्हणजे दोरावरून सरकत उतरायचे तीन टप्पे. साठ मीटरचा दोर कातळातल्या कडीतून ओवायचा, मधल्या काळ्या खुणेशी थांबवायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची, म्हणजे तीस-तीस मीटर मिळतात. शेवटचा टप्पा अठ्ठावीस मीटरचा. पुरतो.

दोराच्या टोकांना गाठी मारायच्या हा त्याचा नियम. गाठ असली की उतरणारा टोकावरून निसटत नाही, गाठ उतरायच्या उपकरणात येऊन अडते. पहिल्या टप्प्यावर गाठी मारल्या होत्या. वाऱ्याने दोर बाजूच्या भेगेत उडवला, गाठ आत जाऊन बसली, आणि ती सोडवायला चाळीस मिनिटं गेली. दुसऱ्या टप्प्यावरही मारल्या. तिसऱ्या टप्प्याशी आलो तेव्हा सूर्य बुडाला होता, पोरं कुडकुडत होती. दोर मी ओवला. काळ्या खुणेशी थांबवला. त्याने विचारलं, “गाठी?”

मी म्हणाले, “खिंड दिसतेय की खाली. राहू दे, परत अडकेल.”

त्याने वाकून पाहिलं. खिंड खरंच दिसत होती. पण कातळाचं पोट पुढे आलेलं होतं आणि दोराची टोकं त्याच्या आड होती. तो म्हणाला, “बरं.” आणि उतरायला लागला.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. कडीतून दोर सरसरत गेला. वजन असलेला दोर कडीतून हलत नाही, हे ज्याने कधी रॅपल लावलंय त्याला माहीत आहे. तो आवाज कशाचा हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मग घसाऱ्यातले दगड, आणि मग काही नाही. आमच्याकडे दुसरा दोर होता. तो लावताना मी दोन्ही टोकांना गाठी मारल्या.

तो टोकावरून सुटला तेव्हा जमिनीपासून जेमतेम दोन मीटरवर होता. दोन मीटर. एरवी धूळ झटकून उठला असता. पण खिंडीतला तो घसारा तीव्र उताराचा आणि त्याखाली नाळ, म्हणजे अरुंद घळ. वाडीतले लोक अर्ध्या तासात मशाली आणि बांबू घेऊन आले. ते धावले नसते तर आम्ही तिघं त्याला रात्रभर हलवूही शकलो नसतो. त्यांची नावं कुठल्याच बातमीत आली नाहीत.

बातमी आली ती अशी: ‘पाय घसरून गिर्यारोहकाचा मृत्यू’. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, दोर जप्त झाला. मला जे विचारलं ते मी खरं सांगितलं. गाठींबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शोकसभेत एक ज्येष्ठ आरोहक मला बाजूला घेऊन मायेने म्हणाले, “आता फार खोलात जाऊ नका. सीझन सुरू आहे. उगाच कुणीतरी सुळके बंद करा म्हणेल. आणि आईला काय वाटेल?” मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं.

सात महिन्यांनी पोलिसांकडून सामान परत मिळालं. त्याच्या आईने मला फोन केला, “हे दोर-बिर काय करायचं मला कळत नाही, तू ये.” मी गेले. पोत्यात दोर होता, अजून तांबडी माती लागलेली. मला एक गोष्ट सात महिने कुरतडत होती. तीस मीटर दोर अठ्ठावीस मीटरला कमी पडला कसा? मी काकूंना म्हटलं, मोजू या का? त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही तो दोर सोडला. शिंप्याकडे असते तशी टेप होती. एक टोक त्यांनी धरलं. आम्ही दोघी वाकून वाकून पुढे सरकत मोजत गेलो आणि काकू दर वेळी आकडा मोठ्याने म्हणत होत्या.

छप्पन्न मीटर भरला. खुणेच्या एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला सव्वीस.

मग मी फोन करत सुटले. अपघाताच्या दोन महिने आधी एका शिबिरात त्या दोराचं एक टोक कातळाच्या धारेवर घासलं होतं. बाहेरचं आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसायला लागले होते. ज्याने ते पाहिलं त्याने अगदी योग्य ते केलं, खराब झालेला चार मीटरचा तुकडा कापून टाकला आणि टोक वितळवून बंद केलं. सामान सांभाळणाऱ्याला तोंडी सांगितलंही. पुढच्या महिन्यात सामान सांभाळणारा बदलला. दोरावर चिठ्ठी नव्हती, कपाटात नोंदवही नव्हती, आणि मधली काळी खूण होती तिथेच राहिली होती. ती आता मधली नव्हती.

या सगळ्यात एकही माणूस दुष्ट नाही की मूर्ख नाही. ज्याने दोर कापला तो काळजी घेणारा होता. ज्याने ऐकलं आणि सांगायचं विसरला तो दिवसभर नोकरी करून संध्याकाळी संस्थेचं काम फुकट करणारा होता. मी पंधरा वर्षं चढते आहे. आणि जो गेला तो बोल्टसुद्धा व्हर्नियरने मोजणारा होता. इतक्या सगळ्यांच्या मधून ते चार मीटर निसटून गेले. माझी एक गाठ असती तर ती शेवटी सगळ्यांच्या चुका अडवून उभी राहिली असती. ती मी मारली नाही, हे मी इथे माझ्या शब्दांत लिहिते आहे.

तुमच्यापैकी अनेकांना हे वाचून एखादा दिवस आठवला असेल. गाठ अर्धी राहिलेली, बिले देणाऱ्याचा हात सुटलेला, बोल्ट हातात आलेला. आपण चहाच्या टपरीवर ते हसून सांगतो आणि मग ते तिथेच राहतं. पुण्यात घडलेलं नाशिकला कळत नाही. ठाण्यात ज्याच्यामुळे एक मुलगी वाचली ते कोल्हापुरातल्या मुलीला माहीत होत नाही. आपल्याकडे कोणता सुळका कुणी पहिल्यांदा सर केला याचे वाद वर्षानुवर्षं चालतात, तारखा तोंडपाठ असतात. कोण कशामुळे पडलं याचा एक कागद कुठे मिळत नाही.

जगात हे असंच चालतं असं नाही. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दर वर्षी अपघातांचे अहवाल छापतो आहे. काय झालं, का झालं, काय करता आलं असतं. मी गेले काही महिने रात्री बसून ते वाचते आहे. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूच्या कड्यावर लिन हिल पडली, सत्तर फुटांहून जास्त. ती त्या काळी जगातल्या सर्वोत्तम प्रस्तरारोहकांपैकी एक होती. हार्नेसला दोर बांधताना लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ पुरी केलीच नव्हती. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. तिने ते लपवलं नाही, सगळ्यांना सांगितलं, आणि चार वर्षांनी अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्यावरची ‘नोज’ ही वाट कृत्रिम आधाराशिवाय चढणारी पहिली व्यक्ती ठरली. २००६ मध्ये योसेमिटीत टॉड स्किनर हा नामवंत आरोहक गेला, हार्नेसचा झिजलेला बिले लूप, म्हणजे पुढची पट्ट्याची कडी, तुटून. ते उघडपणे लिहिलं गेलं म्हणून जगभरच्या लोकांनी आपापले जुने हार्नेस उलटसुलट करून पाहिले. माझ्या मित्राने आणि मी तेव्हा ती बातमी वाचली नव्हती. पण पुढे आमच्या हार्नेसची पाहणी करायची शिस्त ज्या प्रशिक्षकाने लावली त्याने ती वाचली होती. इतक्या लांबून एका माणसाच्या मरणाने आम्हाला सांभाळलं. २०१९ मध्ये मेक्सिकोत ब्रॅड गोब्राइट हा आरोहक गेला. रॅपल करताना. दोराच्या दोन बाजू समान नव्हत्या आणि टोकाला गाठ नव्हती.

हे शेवटचं मी मित्र गेल्यानंतर वाचलं. आधी वाचलं असतं, कुणी मराठीत आमच्या बैठकीत वाचून दाखवलं असतं, तर त्या संध्याकाळी “राहू दे” म्हणताना माझी जीभ अडखळली असती का? मी हा प्रश्न स्वतःला रोज विचारते.

तुमची भीती मला कळते. माझीही तीच होती. आपल्याकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सगळं बंद करा अशी मागणी होते. साहसी उपक्रमांबद्दल शासनाचा २०१८ चा निर्णय आला, मग २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आलं. नोंदणी, प्रशिक्षण, विमा, जबाबदारी कुणाची, हे सगळं त्यात आलं आणि ते गरजेचंही आहे. पण त्या कागदांसमोर संस्था घाबरून गप्प होतात हेही मी पाहिलंय. चूक कबूल केली तर नोंदणी जाईल, गुन्हा दाखल होईल, मुलांचे आईबाप पोरांना पाठवणार नाहीत. म्हणून ‘पाय घसरला’. सह्याद्रीत किती जणांचे पाय घसरले असतील कोण जाणे. २०२० च्या जानेवारीत कोकणकड्यावर रॅपलिंग करताना अरुण सावंत गेले. उभं आयुष्य सह्याद्रीत घातलेला माणूस. तेव्हा मी आणि माझा मित्र खूप वेळ बोललो होतो. तो म्हणाला होता, अनुभवाने चुका थांबत नाहीत, फक्त त्या चुका आहेत हे दिसेनासं होतं.

म्हणून मी तुमच्याकडे काही मागते आहे. खर्चाचं त्यात फारसं काही नाही.

पहिलं म्हणजे दोराचं. तुमच्या कपाटातला प्रत्येक दोर या आठवड्यात बाहेर काढा, सोडा आणि टेप लावून मोजा. मधल्या खुणेवर विश्वास ठेवू नका, दोन टोकं एकत्र धरून मध्य काढा. एका बाजूने दोर कापला असेल तर जुनी खूण पुसून नवी करा. प्रत्येक दोराला एक क्रमांक, टोकाला त्याची लांबी लिहिलेली पट्टी आणि कपाटात एक वही: कधी घेतला, कुठे नेला, कोण पडलं, कुठे घासला, किती कापला. सामानाची किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ती वही किल्लीबरोबर जाऊ दे. हे पत्र वाचून एवढं एकच केलंत तरी मला पुरेल.

आणि टोकांच्या गाठी. खिंड दिसत असली तरी, शेवटचा टप्पा असला तरी, अंधार पडत असला तरी. अडकली तर अडकू दे. चाळीस मिनिटं जाऊ देत. गाठी मारून दोर भिरकावण्याऐवजी उतरणाऱ्याने तो गुंडाळून कमरेला अडकवावा आणि सोडत सोडत खाली जावं. मग वारा तो फारसा उडवत नाही. आम्हाला दोघांनाही हे येत होतं.

दुसरं मागणं याहून अवघड आहे. मोहीम संपली, गावात परत आलात, मामांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी यायची आहे, त्या वेळात गोल बसा आणि प्रत्येकाने एक वाक्य सांगा: आज काय चुकलं. आधी मोहीमप्रमुखाने सांगायचं. तो सांगेल तेव्हाच नवं पोरगं तोंड उघडेल. कुणी कुणाला हसायचं नाही, रागवायचं नाही. जे सांगितलं ते लिहून ठेवायचं. आणि वर्षातून एकदा राज्यातल्या सगळ्या संस्थांनी या नोंदी नावं काढून एकत्र आणायच्या आणि मराठीत सर्वांसाठी खुल्या ठेवायच्या. अपघातानंतर धावून जाण्याची व्यवस्था आपण उभी केलीच आहे. कुठल्याही रात्री, कुठल्याही दरीत, आपल्यातलीच माणसं पदरचं पेट्रोल घालून पोचतात आणि आंबेनळीसारख्या घाटात बस कोसळली तेव्हा त्यांनी काय केलं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. जी माणसं तेवढं करू शकतात त्यांना एक वही जमणार नाही, हे मी मानणार नाही.

राहिली पाटी. मी ग्रुपवर नको म्हटलं तेव्हा काहीजण दुखावले. त्यांचं प्रेम मी नाकारत नाही. पण किल्ल्यावरच्या दगडांवर ऑइलपेंटने लिहिलेली नावं तो तारेचा ब्रश घेऊन घासायचा, हे तुम्हीही पाहिलंय. त्याच्या नावासाठी कातळात चार भोकं पाडली तर त्याला बरं वाटेल का? जमलेल्या पैशांतून त्या तिसऱ्या स्टेशनवरचे, म्हणजे शेवटचा दोर जिथे ओवला तिथले, बोल्ट नवे करू. ते काम ज्यांना येतं त्यांनी करावं. मी त्या कडीपाशी अजून जाऊ शकलेले नाही, पण सामान खांद्यावर घेऊन खिंडीपर्यंत येईन.

गच्चीवर दोर मोजून झाल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. गाठींचं, “राहू दे” चं, सगळं. त्या बराच वेळ दोराच्या वेटोळ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्या मला घरातून जायला सांगतील, आणि मी जायला तयार होते. त्यांनी विचारलं, “हे बाकीच्या पोरांना सांगितलंस का?”

मी म्हटलं, नाही.

“मग माझ्याकडे काय सांगतेस? त्यांना सांग.”

त्यांनी आतून निळी वही आणून दिली. शेवटच्या पानावर त्या रविवारची तारीख त्याने सकाळीच लिहून ठेवली होती, जागा, आमची नावं, दोराचा रंग. शेवटचा रकाना कोरा होता. तो मी भरला आहे. अक्षर माझं आहे आणि ओळी त्याच्यापेक्षा वाकड्या आल्या आहेत.

तुमच्यापैकी जी संस्था बोलावेल तिथे मी यायला तयार आहे. कुठल्याही रविवारी, शिबिराच्या पहिल्या सकाळी बोलवा, पोरं ताजी असतात तेव्हा. भाषण करणार नाही. वही आणि दोर बरोबर आणीन, दोर जमिनीवर सोडून पोरांकडूनच मोजून घेईन. तुमच्याकडे लांब टेप असेल तर काढून ठेवा. त्या दोरावरची काळी खूण मी पुसलेली नाही, ती त्यांना दाखवायची आहे. फक्त कुणी चुकून तो दोर वापरायला घेऊ नका. तो साठचा नाही, छप्पन्न मीटरचा आहे.

तुमची,
त्या दिवशी दोर लावणारी